हिंगाचं पाणी

शारजा,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय शहरबानू,

"आय ॲम वेल अँड हॅपी." सिस्टर बर्नाडेटच्या हुकमाने दर रविवारी घरी जाणाऱ्या पत्राची पहिली ओळ ही असायची. मग गालगुंड झालेलं असो की घरच्या आठवणीने उशी भिजलेली असो. आज ती ओळ गाळते. वेल आहे. हॅपीचं नंतर बघू.

फोनवर हे सांगता येत नाही. तू हसायला लागलीस की थांबत नाहीस आणि सदानंद शेजारच्या खोलीत असतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. पत्रात अरेतुरे करायची मुभा आपण एकमेकींना लग्नानंतर दिली, ती आज भरपूर वापरणार आहे.

सदानंद धावतो, हे तुला माहीत आहे. आयुष्यात कधी बस पकडायला न धावलेला माणूस साठीच्या तोंडावर पोपटी बनियन घालून पहाटे समुद्रकाठच्या कॉर्निशवर पळतो. पळो बापडा. पण बाराव्या किलोमीटरला त्याचं पोट बिघडतं. अकराव्यापर्यंत हरीण, बाराव्याला रांगेत. कुठल्या रांगेत ते तू ओळख. गेल्या हिवाळ्यातल्या दोन्ही शर्यती त्या निळ्या प्लास्टिकच्या खोक्यात संपल्या.

यावर त्याने उपाय काय केला? केस पाठवले. खरंच सांगते. परदेशात कुठेशी एक प्रयोगशाळा आहे, ती केसांवरून सांगते की तुम्हाला काय मानवत नाही. याच्या डोक्यावरचे तू पाहिलेस. कानामागून कसेबसे काढून दिले. उत्तर आलं: गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ, नारळ, कोकम, वांगं, कढीपत्ता आणि शहामृग. शहामृग, बानू! जन्मात खाल्लं नाही, तेही मानवत नाही.

तेव्हापासून माझा मसाल्याचा डबा ओट्याच्या मागे गेला आणि पुढे त्याच्या बरण्यांची रांग लागली. आतड्यांसाठी एक पूड, आतड्यांतल्या जंतूंसाठी एक, त्या जंतूंच्या खाऊसाठी तिसरी. बिटाची एक पूड आहे, ती घेतल्यावर बाथरूममधून ओरडतच बाहेर आला, रक्त पडतंय म्हणून. कोळशाच्या गोळ्याही आहेत. आई चुलीपाशी खोकायची ते आठवून मी गॅसला रोज हात जोडते आणि हा माणूस हौसेने कोळसा खातो. एकदा गोळी चघळून मीटिंगला गेला आणि काळ्या दातांनी सगळ्या ऑफिसला हसून दाखवलं. किंमत विचारू नकोस. दिरहमात सांगितली तर तू गुणाकार करत बसशील.

आणि तो वाचतो. पाण्याच्या बाटलीचं लेबलसुद्धा भिंग लावून वाचतो. मी काही बोलले की काव्या म्हणते, "मम्मा, लेट हिम हॅव हिज थिंग." तिचं काय जातंय? ती दुबईत राहते, तिला कोळशाचा ओटा पुसावा लागत नाही.

तरी मी हे सोसते आहे, त्याचं कारण तुलाच ठाऊक आहे. गेल्या लग्नाच्या वाढदिवशी त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला: "एक हाफ मॅरेथॉन पूर्ण करतो, मग खलास. राजीनामा टाकतो आणि देवळालीला जाऊ." तीस वर्षं मी विचारते आहे, कधी जायचं? तीस वर्षं उत्तर येतं, इन्शाल्ला. पहिल्यांदाच त्याने काहीतरी दुसरं सांगितलं. तेव्हा एकवीस किलोमीटर त्याने एकदा, फक्त एकदाच, निळ्या खोक्यात न शिरता पार करावेत, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे.

तिथल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या उघडतेस ना रविवारी?

तुझी,
विभा


देवळाली कॅम्प,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

विभे,

तुझं पत्र बेकरीच्या गल्ल्यावर बसून वाचलं. शहामृगापाशी अशी हसले की गिऱ्हाइकाला ब्रून पावाऐवजी खारी बांधून दिली. तो बिचारा परत आला.

खिडक्या उघडते. तुझ्या पडद्यांना मात्र उन्हाने पार पांढरं करून टाकलं आहे. तू मागच्या सुट्टीत माप घेऊन शिवलेस, कोणी येऊन राहायच्या आधीच जुने झाले. सांगणार नव्हते, पण कॉन्व्हेंटच्या मुली खोटं बोलत नाहीत. म्हणजे सिस्टर समोर असताना बोलत नाहीत.

तुझ्या नवऱ्याला सांग, आमचे बाबा सत्तरीपर्यंत पहाटे भट्टीसमोर उभे राहायचे आणि पोट बिघडलं तर एकच औषध. हिंग. कोमट पाण्यात हिंग, थोडा ओवा, काळं मीठ. हिंग आमच्या इराणी आजोबांच्या देशातून येतो, त्यामुळे त्याच्याबद्दल मला बोलायचा हक्क आहे. आजोबा त्याचा खडा कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवायचे आणि तरी आमची अख्खी गल्ली त्या वासाने ओळखली जायची. तू शाळेत माझ्याशेजारी बसायला आधी तयार नव्हतीस, ते त्याच वासामुळे. विसरली नाही मी.

त्या सगळ्या बरण्या मागे ढकल आणि त्याला हिंगाचं पाणी पाज. आणि लवकर ये बाई. वरचा मजला रिकामा, खालच्या मजल्यावर मी एकटी. संध्याकाळी चहा कोणाबरोबर घ्यायचा ते तरी ठरवून टाक.

तुझी बानू


शारजा,
रविवार, १ डिसेंबर २०२४

प्रिय बानू,

तुझा सल्ला अमलात आणला. सगळं क्रमाने सांगते.

आधी मी त्याला रोल्लामधल्या डॉक्टर अफनानकडे नेलं. चुणचुणीत मुलगी आहे, काव्याच्या वयाची असेल. केसांचा कागद पाहून तिने तो शांतपणे उलटा करून ठेवला आणि रक्त घेतलं. आठवड्याने म्हणाली, "अंकल, शहामृग बेशक खाइए. सिर्फ़ गेहूँ बंद. मैदा, सूजी, सब. एक दाना भी नहीं. और ये सारे पाउडर छोड़ दीजिए." सदानंदने पहिला अर्धा भाग ऐकला. घरी येताना गाडीत तो फोनवर नवी पूड मागवत होता.

पण बानू, मी गहू बंद केला. खरोखर बंद केला. पोळपाटसुद्धा बदलला. ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी, भात, उकड. वर तुझं हिंगाचं पाणी दोन वेळा. आमटीत हिंग, भाजीत हिंग, उकडीत हिंग. रोल्लाच्या दुकानातली पिवळी डबी महिन्यात दोनदा आणली. दुकानदार म्हणाला, "आंटी, हॉटेल खोला क्या?"

तुला नवल वाटेल, सदानंद ते मुकाट्याने पितो. मी केलेल्या कुठल्याही काढ्याला आजवर त्याने नाक मुरडलं नाही असं झालेलं नाही. पण हिंगाचं पाणी स्वतःहून मागतो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी म्हणाला, "विभा, तुझं ते पाणी उद्या थर्मासमध्येही भर. जरा जास्त घाल हिंग." मला वाटलं, एवढ्या वर्षांनी माझ्या हातावर विश्वास बसला. खोटं कशाला सांगू, थर्मास भरताना डोळ्यांत पाणी आलं. हिंगाने नव्हे.

काल शर्यत होती. मी आणि काव्या शेवटच्या रेषेपाशी उभ्या. एकेक माणूस येत होता. आजोबा आले, गरोदर बाई आली, बाबागाडी ढकलत एक बाप आला. सदानंद नाही. मग फहदचा फोन आला. हा त्यांच्या धावणाऱ्या टोळीचा म्होरक्या, शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेज चालवतो, सदानंदला सदाभाई म्हणतो. "भाभीजी, बारह नंबर पे. वही प्रॉब्लम. हम बाहर खड़े हैं."

मी तिथवर चालत गेले. खोक्याबाहेर सगळी टोळी उभी होती, स्वतःच्या वेळा सोडून. दार उघडून सदानंद बाहेर आला आणि मला पाहून म्हणाला, "काय करणार. आता पुढच्या वेळी, इन्शाल्ला."

उदास वगैरे काही नाही. घरी परतताना फहदबरोबर कडक चहा प्यायला, दोन कप. मी मागच्या सीटवर बसून बाहेर बघत राहिले. देवळाली आणखी एका शर्यतीने लांब गेली. त्याला काही वाटलंच नाही, बानू. काळजाच्या जागी कोळशाच्या गोळ्या भरल्या आहेत.

विभा


देवळाली कॅम्प,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

विभे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस.

आमच्याकडे एक सैनिकाची बायको येते, समिधा. तिच्या लेकीला गहू मुळीच चालत नाही. वाढदिवसाला मुलीला नानकटाई हवी होती, म्हणून मी वेगळी भट्टी धुऊन तांदळाच्या पिठाची केली. बरोबर हिंग-जिऱ्याची खारी बिस्किटंही केली, तीही तांदळाचीच. समिधा आली, शेल्फवरची माझी हिंगाची डबी उचलली, उलटी केली आणि बिस्किटं परत ठेवली. म्हणाली, "बानूआंटी, यात मैदा आहे."

चाळीस वर्षं मी मैद्यात हात घालते आहे. मी तिच्यावर हसले. मग चष्मा लावला. डिंक, मैदा, हिंग. मैदा दुसरा, हिंग शेवटी. नुसता हिंग इतका उग्र असतो की पिठात मळल्याशिवाय तो घरात वापरता येत नाही, हे आजोबांकडून लहानपणी ऐकलं होतं. कानात राहिलं, डोक्यात उतरलं नाही. खड्याच्या गोष्टी सांगत बसले आणि वापरत आले डबीच.

आता तुझी पिवळी डबी बघ. सकाळ-संध्याकाळ पेला भरून तू त्याला मैद्याचं पाणी पाजलंस. वर थर्मास. ते औषध मी सांगितलं, म्हणून निम्मं पाप माझं. सिस्टर बर्नाडेटने आपल्या दोघींना एकाच कोपऱ्यात उभं केलं असतं.

इथपर्यंत हस. पुढे एक गोष्ट मला खटकते आहे. पाण्याच्या बाटलीचं लेबल भिंगाने वाचणाऱ्या माणसाने हिंगाच्या डबीचं वाचलं नसेल? आणि "जरा जास्त घाल" का म्हणाला असेल?

बस, माझं तोंड बंद. भट्टी बघायला जाते.

बानू


शारजा,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

बानू,

डबी बघितली. डिंक, मैदा, हिंग.

काल दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्याच्या ताटाशेजारी ती ठेवली. लोणचं ठेवतात तिथे. वर त्याचं भिंग ठेवलं.

त्याने आधी डबीकडे पाहिलं, मग भाताकडे. म्हणाला, "आज आमटी छान झाली आहे."

"हिंग नाही घातला," मी म्हटलं.

"असं?"

"केव्हा वाचलंत?"

बराच वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, "डॉक्टरकडून आलो, त्याच दिवशी. घरातलं सगळंच वाचलं होतं मी."

"आणि तरी पीत होतात?"

"तू इतक्या प्रेमाने देत होतीस."

बानू, मी भांडणात कधी आवाज चढवत नाही, तुला ठाऊक आहे. काल चढवला. म्हटलं, "प्रेमाचं नाव घेऊ नका! मी इथे दिवस ढकलते आहे, पडदे शिवते आहे, आणि तुम्ही मैदा पिऊन शर्यत बुडवताय? यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं!"

तर म्हणतो, "तुला सांगायचं धैर्य असतं, तर पोट कशाला बिघडवलं असतं?"

मला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून पाणी आणायला उठले.

परत आले तर तो सांगतच होता, माझ्याकडे न बघता. "तीस वर्षं मी या गावात गाडीत बसून काढली, विभा. सकाळी शारजातून दुबई, संध्याकाळी दुबईतून शारजा. पाय ब्रेकवर. पुढच्या गाडीचा नंबर पाठ व्हायचा, गाव नाही. कॉर्निश रोज काचेतून बघत होतो, तिथे मासे पकडणारी माणसं बसतात हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. ते आता मला सलाम करतात. देवळालीला काय करू? सोसायटीचा सेक्रेटरी होऊ?"

मी विचारलं, "मग शब्द का दिलात?"

"तुझा चेहरा बघून दिला. मला वाटलं होतं, बाराव्याच्या पुढे आपण काही जात नाही."

म्हणजे सुरुवातीला त्याचं पोट खरंच बिघडायचं. औषध सापडलं तेव्हाच पंचाईत झाली.

आता आम्ही बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. तो रोज विचारतो, मीठ देऊ का. मीठ माझ्यासमोरच असतं.

विभा


देवळाली कॅम्प,
रविवार, ५ जानेवारी २०२५

विभे,

हॅपी न्यू इयर. आता ऐक, कारण मी हे एकदाच लिहिणार आहे.

तू तीस वर्षं त्याला एकच प्रश्न विचारलास, कधी जायचं. जायचं का, असं एकदाही विचारलं नाहीस. आणि त्या भित्र्याने एकदाही सांगितलं नाही. दोघांना कोपऱ्यात उभं करायला हवं, तोंडं भिंतीकडे करून.

पण तुझा अबोला मला परवडत नाही. चहा इथे निवतो आहे. नवरा काही सामानाचा भाग नव्हे, विभे, की बॅगेत मावला नाही तर प्रवासच रद्द. किल्ली माझ्याकडे आहे. तुला कोणाच्या एकवीस किलोमीटरची गरज नाही, नाशिकपर्यंत विमान येतं की नाही ते बघ, नाहीतर मुंबईहून टॅक्सी कर.

बानू


शारजा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय बानू,

तुझं पत्र महिनाभर पर्समध्ये घेऊन हिंडले. उत्तर द्यायला आज सुचलं.

या वेळच्या शर्यतीत सदानंद धावायलाच तयार नव्हता. नंबरचा कागद टेबलावर पडून होता. म्हणाला, "पूर्ण केली तर शब्द पाळावा लागेल, नाही केली तर तू म्हणशील मुद्दाम. कशाला त्या फंदात पडू?" परवा सकाळी मी तो कागद त्याच्या पोपटी बनियनला स्वतः टाचला. म्हटलं, "धावा. पोहोचलात तरी मी तुम्हाला ओढून नेणार नाही. शब्दातून मोकळे. पण आता बारा नंबरला थांबलात, तर मात्र मी नक्की समजेन की पाय नाहीत तुम्हाला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर मुलींसाठी ताटकळणारी मुलं आठवली. मी लगेच पिना शोधायला वाकले.

काल पहाटे मीठ घातलेली भाताची पेज दिली. दुसरं काही नाही. काव्या आणि मी पुन्हा त्याच रेषेपाशी. आजोबा आले, बाबागाडीवाला आला, गेल्या वेळची गरोदर बाई आली. ती आता गरोदर नव्हती, आणि तिनेही सदानंदला मागे टाकलं. जवळजवळ सगळे येऊन गेले, स्वयंसेवक केळ्यांच्या पेट्या आवरू लागले. मी पदराचं टोक पिळत होते. मला कळत नव्हतं, बानू, मी नेमकं काय मागते आहे. तो आला तर मला काही मिळणार नव्हतं. तरी मी मागतच होते.

मग वळणावर पोपटी काहीतरी दिसलं. शेजारी फहद, स्वतःची शर्यत संपवून उलटा परत गेलेला, ओरडत येत होता, "यल्ला सदाभाई, यल्ला! भाभीजी खड़ी हैं!" सदानंद धावत होता असं म्हणणं उदारपणाचं होईल. पण दोन्ही पाय त्याचेच होते. रेषा ओलांडली आणि काव्या इंग्रजी विसरली. "बाबा आले! बाबा आले!" म्हणून लहानपणी दाराशी ओरडायची, तशी ओरडली.

तो माझ्यापाशी आला. गळ्यात पदक, तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ. घाबऱ्या आवाजात म्हणाला, "खलास?"

मी म्हटलं, "खलास काय. पाणी प्या. साधं."

आता तुला आवडेल ते सांगते. घोळक्याने त्याला विचारलं, सदाभाई, पेट का क्या किया? आणि माझ्या देखत, माझ्या पेजेची चव अजून तोंडात असताना, हा माणूस म्हणाला, "नया एंजाइम है. जर्मनी का. मैं लिंक भेजता हूँ." दोघांनी तिथल्या तिथे मागवलं. डॉक्टर अफनानला हे सांगायचं मी ठरवलं होतं, पण नको. तिला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे.

पिवळी डबी मी फेकली नाही. ओट्यावर त्याच्या बरण्यांच्या रांगेत पहिली ठेवली आहे, लेबल पुढे करून. रोज सकाळी त्याला तिच्याकडे बघत आपली पूड ढवळावी लागते.

तिकीट काढलं आहे. एकीचंच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. येताना नव्या पडद्यांचं कापड आणते, जाड, उन्हाला टिकेल असं. तू आजोबांच्या देशातला हिंग कुठून तरी मिळव, खडा, बिनमैद्याचा. वास आला तरी चालेल. या वेळी मी तुझ्याशेजारीच बसेन.

आज जेवताना सदानंदने तिकीट पाहिलं. लेबल वाचतो तसं, खालचं बारीक अक्षरसुद्धा. उलटं करून मागे पाहिलं. मग विचारलं, "यात परतीची तारीख कुठे आहे? कधी येणार तू?"

तीस वर्षं मी ज्या उत्तरावर जेवले, ते मी त्याला वाढलं.

"इन्शाल्ला," मी म्हटलं, आणि मीठ त्याच्याकडे सरकवलं.

तुझी,
विभा